घर सोडताना सही कुणाची?



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांच्याबद्दल तुम्ही आत्ताच ऐकलंत. मी एवढीच भर घालते की ते नागरिकशास्त्र शिकवायचे. तो विषय तेव्हाही इतिहासाच्या शेपटाला बांधलेला असायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकला जायचा. मास्तर मात्र तो वर्षभर शिकवायचे. म्हातारपणी राहतं घर सोडून ज्येष्ठांच्या वसाहतीत जाणं, हा विषय मी चालकांना कळवला तेव्हा त्यांतले एक जण म्हणाले, "ताई, विषय हळवा आहे. रुमाल घेऊन यायला हवा." मी म्हटलं, रुमाल आणा, पण पेनही आणा. हा विषय मास्तरांच्या तासाचा आहे.

माझ्याविषयी थोडं. मी पुण्यात उभी हयात दस्तांची वकिली केली. कोर्टात आवाज चढवायची वेळ फारशी आली नाही. माझं काम टेबलावरचं : साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र. काम थांबवल्यावर मी आणि माझे यजमान शहराच्या कडेच्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेलो. ती कुठली हे सांगणार नाही. सांगितलं तर तिथला व्यवस्थापक उद्यापासून माझा चहा तरी वाढवेल, नाहीतर बंद तरी करेल.

मराठी माणसापुढे म्हातारपण आणि घर हे दोन शब्द एकत्र आले की लगेच पडदा वर जातो. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं, १९७३ मध्ये 'संध्याछाया'. शिरवाडकरांचे अप्पा बेलवलकर आणि दळवींचे नाना-नानी यांनी दोन पिढ्यांना रडवलं. मीही रडले. पण वकिलाचा एक डोळा कोरडा राहतो. त्या डोळ्याला दिसतं की अप्पांनी निवृत्त होताना होतं नव्हतं ते मुलांना देऊन टाकलं आणि स्वतःच्या डोक्यावरच्या छपराबद्दल कागदावर एक ओळ ठेवली नाही. ज्या लिअर राजावरून हे नाटक सुचलं, तो तुलनेनं सावध होता. राज्य वाटताना त्यानं शंभर स्वार स्वतःकडे ठेवण्याची आणि दोघी मुलींकडे आळीपाळीनं महिनाभर राहण्याची अट घातली होती. अट होती, पण ती मोडली तर दाद कुणाकडे मागायची, हे ठरलेलं नव्हतं.

आपल्याकडे आता ते ठरलेलं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याचं २३ वं कलम असं : ज्येष्ठानं 'तू मला सांभाळशील' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं धरून प्राधिकरण ते रद्द करू शकतं. प्राधिकरण म्हणजे आपले प्रांताधिकारी. या कायद्यानं त्यांच्यापुढे वकील उभा करण्याची मुभाच मुळात ठेवलेली नाही, आणि माझ्या व्यवसायाबद्दल कायदेमंडळाचं मत काय आहे, ते त्यातून कळतं.

पण त्या कलमातला 'अटीवर' हा शब्द फार जणांना नडला. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, शहरांतले उपकर वेगळे. स्वस्त आहे, म्हणून लोक पटकन करतात. आणि बक्षीसपत्राच्या छापील मसुद्यात काय असतं? 'प्रेमापोटी व मायेपोटी.' २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की सांभाळण्याची अट दिसत नसेल तर हे कलम लागू होत नाही. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं दुसऱ्या प्रकरणात कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचला, एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि ताबाही परत द्यायला लावला. तिथे मुलानं सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. तो कागद होता म्हणून आईला घर परत मिळालं. माझ्या टेबलापाशी बसून एक आजोबा मला म्हणाले होते, "वकीलबाई, पोटच्या पोराला अट कसली घालायची?" मी म्हटलं, "मग पोराला विचारा, अट लिहायला त्याची हरकत आहे का." मुलगा शेजारीच बसला होता. त्याची काही हरकत नव्हती. संकोच सगळा बापाचा होता.

या संकोचामुळेच घर सोडण्याचा निर्णयही आपण दुसऱ्यावर सोडतो. मग तो मुलं घेतात, पडल्यावर हाड घेतं, किंवा बिल्डर घेतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं शहरी दुखणं आहे, गावात एकत्र कुटुंबात म्हातारी माणसं मानानं जगतात. याचं एक सुंदर उदाहरण अमेरिकेतून छापून आलेलं आहे. शल्यविशारद अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' हे पुस्तक २०१४ चं. त्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. त्यांचे आजोबा सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षं जगले. शंभरी उलटल्यावरही घोड्यावर बसून शेतांवरून फेरी मारायचे. गेले तेही शेजारच्या गावी कोर्टाच्या कामाला जाताना बसमधून पडून. पुस्तक वाचणाऱ्या अनेकांना त्यातलं वात्सल्य दिसतं. मला ते कोर्टाचं काम दिसतं. एकशे दहाव्या वर्षी ज्या माणसाला कोर्टात काम आहे, त्याच्या सहीला अजून किंमत आहे! त्या मानामागे प्रेम होतंच, तशी जमीनही होती. आणि सुनाही होत्या. म्हाताऱ्याला उठवणं, न्हाऊ घालणं, पथ्याचं करून वाढणं हे जे 'कुटुंब' करत होतं, ते बहुतेक बायका करत होत्या, बिनपगारी आणि बिनतक्रार. ती व्यवस्था मोडली म्हणून मला फार वाईट वाटत नाही, कारण मी तिच्यात सून होते.

तर पुण्याकडे येते. पुणं हे पेन्शनरांचं गाव म्हणून जुनं प्रसिद्ध आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँकवाल्यांनी, एलआयसीवाल्यांनी, प्राध्यापकांनी सहकारी सोसायट्या काढल्या. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. तेव्हा तिसरा मजला लोक मागून घ्यायचे. वारा येतो, गच्ची जवळ. ते तिसऱ्या मजल्यावरचे तरुण आता पंचाहत्तरीचे आहेत. मुलं बंगळुरूला, ह्यूस्टनला, मेलबर्नला. खाली उतरायचं तर दिवसातून एकदाच, भाजी आणि औषधं एका फेरीत. या माणसांसाठी परांजपे स्कीम्स या बिल्डरनं पाषाण, बाणेर भागांत 'अथश्री' या ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या केल्या आणि मराठी मध्यमवर्गाला कळलं की वृद्धाश्रम आणि स्वतःचं घर यांच्या मधेही काही असतं. मग इतरही आले. दक्षिणेत कोइमतूरभोवती अशा वसाहतींची दाटी आहे. अमेरिकेत ही कल्पना बरीच जुनी. डेल वेब नावाच्या बिल्डरनं ॲरिझोनाच्या वाळवंटात सन सिटी विक्रीला काढली ती १ जानेवारी १९६० ला. आणि फ्लोरिडात टॅव्हेरेस इथे 'शांतिनिकेतन' नावाची भारतीयांची वसाहतही आहे. तिथे वरण-भात मिळतो म्हणून लोक बर्फाळ राज्यांतली मोठी घरं विकून जातात. म्हणजे मुलांच्या मागे अमेरिकेला गेलेलेही शेवटी मुलांपासून थोडे बाजूलाच राहायला जातात. माझ्या मते यात दुःख करण्यासारखं काही नाही.

हा लोंढा थांबणारा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं आणि देवनारच्या आपल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०२३ मध्ये अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये देशात साठीपुढचे १४.९ कोटी होते, २०५० पर्यंत ते ३४.७ कोटी होतील. दर पाचांत एक.

आता घर रिकामं करण्याबद्दल. यावर लोक फार हळवं बोलतात आणि त्यातलं अर्धं खरं नसतं. माळ्यावरचा तांब्याचा बंब, घंगाळ, पाटा-वरवंटा, रुखवतातली चांदीची म्हणून दिलेली जर्मन सिल्व्हरची तबकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, मुलांच्या दहावीच्या वह्या, सुटकेसमधली सुटकेस आणि तिच्यातली आणखी एक सुटकेस. हे खाली काढताना आपण गलबलतो, कबूल. पण बंब मोडीत गेल्यावर आठ दिवसांनी त्याची आठवण कुणाला येते? बोहारीण आली, साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देऊन गेली, संपलं. उरलेलं बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पोचतं. पुस्तकांचे मात्र हाल कुत्रं खात नाही. ग्रंथालयं हात जोडतात, मुलं "पीडीएफ मिळतं ना आई" म्हणतात. आमच्याकडचे कोशाचे खंड शेवटी एका शिक्षकानं स्कूटरवरून नेले, एका खेपेला दोन.

खरी अडचण देवांची. देव्हाऱ्यातले टाक कुठे ठेवायचे? घराण्याचा खंडोबा आणि भवानी थोरल्याच्या घरी असतात. थोरला एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये निघाला, मग टाक धाकट्याकडे. आणि गौरी-गणपती? ज्या घरी गौरी बसतात त्या घरी भाद्रपदात सगळं गणगोत जमतं. कुणाच्या मुलीचं जमलंय, कुणाचं बिनसलंय, याचे निकाल त्याच तीन दिवसांत लागतात. ते घर ज्या बाईचं, तिचा शब्द चालतो. माझ्या एका शेजारणीनं घर सोडताना गौरींचे मुखवटे धाकट्या जावेला दिले. पुढल्या वर्षी ती पाहुणी म्हणून जेवायला गेली. जावेनं आग्रह करून वाढलं. पण पुरणात जायफळ की वेलदोडा, हे तिला कुणी विचारलं नाही. घर सोडण्याचं दुःख तिनं मला सांगितलं ते एवढंच, आणि मला ते बंबाच्या दुःखापेक्षा पुष्कळ खरं वाटलं. वसाहतीच्या क्लबहाउसमध्ये गणपती बसतो, आरतीला गर्दी होते, प्रसादाला केटररचे मोदक असतात. पण तिथे कुणी थोरली नसते. सगळ्याच थोरल्या.

दुसरी हानी ओळखीची. चाळीस वर्षांच्या वस्तीत वाणी वहीत मांडून ठेवतो, औषधवाला "काका, ही गोळी मागच्या महिन्यात बदललीय" म्हणून सांगतो, शेजारी किल्ली असते. नव्या जागी सगळे सभ्य आणि मदतीला तत्पर असतात. पण 'तुम्ही पूर्वी कोण होतात' हे कुणाला माहीत नसतं. म्हणून आमच्याकडे पहिल्या भेटीतच माणसं हुद्दा सांगतात. चीफ मॅनेजर, सुपरिंटेंडिंग इंजिनिअर, मुख्याध्यापिका. एका बाईंनी नुसतं "मी स्वयंपाक करायचे" म्हणून सांगितलं, आणि त्या वाक्यानंतर आमच्या टेबलावर थोडा वेळ कुणालाच पुढचं बोलणं सुचलं नाही.

आता पेन काढा.

ज्येष्ठांच्या वसाहतीत तुम्ही शिरता ते तीनपैकी एका दारानं. पहिलं, फ्लॅट विकत घेता. दुसरं, मोठं डिपॉझिट भरून हयातभर राहण्याची परवानगी घेता. तिसरं, महिन्याच्या भाड्यानं राहता. जेवणघर तेच, बाग तीच, व्यवस्थापक तोच हसरा. पण कायद्यापुढे तुम्ही तीन वेगळी माणसं आहात.

विकत घेतलात तर मालक आहात. खरेदीखत नोंदवलं जातं, इंडेक्स टू तुमच्या नावानं निघतो, तुमच्या मागे फ्लॅट वारसांना जातो. मात्र बहुतेक ठिकाणी वारसाला तिथे राहता येत नाही, कारण त्याचं वय बसत नाही. विकायचा तोही ज्येष्ठालाच. म्हणजे गिऱ्हाईक कमी. हे आधी मुलांना सांगून ठेवा. इथे रेराचं, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचं, संरक्षण आहे, बांधकाम चालू असताना खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. शिवाय केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांवरून महारेरानं २०२४ मध्ये आपली काढली. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर जाईल अशी. गोल मुठीऐवजी दांड्याची कडी, कारण संधिवाताच्या बोटांना मूठ फिरत नाही. न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणारी फरशी, लिफ्टला जनरेटर. कुणीतरी म्हाताऱ्या माणसाचा हात नीट पाहिलाय, असं ती तत्त्वं वाचताना वाटतं. पण ती भिंतींविषयी आहेत. भिंतींच्या आत काय होईल, हे करारात शोधावं लागतं.

डिपॉझिटवाल्यांनी जास्त सावध राहावं. तुम्ही मालक नाही, आणि बहुधा भाडेकरूही नाही. तुम्ही परवानगीनं राहता. डिपॉझिट बिनव्याजी असतं, सोडताना त्यातून काही टक्के कापले जातात. संस्था बुडाली तर तुम्ही पैसे मागणाऱ्यांच्या रांगेतले एक धनको, तारण नसलेले. रेराची चौकट विक्रीसाठी आहे, नुसत्या राहण्याच्या परवानगीला ती सहसा लागू होत नाही. आणि एक गोष्ट मी कितीदा सांगितली तरी लोकांच्या लक्षात राहत नाही. जुनं घर विकून नवं घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते; विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घर विकत घ्यायचं. डिपॉझिट भरणं म्हणजे घर घेणं नव्हे. १९८२ साली काही हजारांत घेतलेला फ्लॅट आज विकलात आणि सगळी रक्कम डिपॉझिटला घातलीत, तर कराचा आकडा पाहून रक्तदाब वाढेल. आधी चार्टर्ड अकाउंटंटकडे जा, मग ब्रोशर उघडा.

दोघं जाणार असाल तर करार दोघांच्या नावानं हवा. हे सांगायला नको असं तुम्हाला वाटेल. पण कमावता नवरा, त्याच्या नावावर घर, त्याच्या नावावर नवा करार, आणि बायको 'सोबत राहणारी व्यक्ती', असे करार मी पाहिले आहेत. आमच्या पिढीत नवरा वयानं मोठा असतो. मागे कोण राहणार, हे बहुधा ठरलेलंच आहे. ती मागे राहिली की तिला त्याच खोलीत, त्याच दरानं, नवं डिपॉझिट न भरता राहता येईल, हे वाक्य करारात आहे का पाहा. नसेल तर घालून घ्या. मालकी हक्काच्या फ्लॅटमध्ये नॉमिनीचं नाव टाकून निश्चिंत होऊ नका. नॉमिनी मालक होत नाही, वारस ठरेपर्यंत तो राखण करतो. मृत्युपत्र करा.

पुढचं कलम शोधायला वेळ लागतो, कारण ते कधीच पहिल्या पानावर नसतं. तुम्ही आज चालते-फिरते आहात म्हणून तुम्हाला घेतलंय. उद्या अंथरुणाला खिळलात तर? पुष्कळ वसाहतींच्या करारात लिहिलेलं असतं की निवासी स्वतःची कामं स्वतः करू शकणारा असावा. नसल्यास त्यानं स्वतःच्या खर्चानं मदतनीस ठेवावा. आणि व्यवस्थापनाच्या मते त्याचं तिथे राहणं योग्य नसेल तर जागा सोडावी. 'व्यवस्थापनाच्या मते.' या दोन शब्दांवर मी पेन्सिलीनं गोल करते आणि विचारते, मत कोण देणार? कुठल्या डॉक्टरचं? नोटीस किती दिवसांची? घरच्यांना कळवणार का? ब्यूरोच्या मावशी कुठे झोपणार, त्यांचं जेवण कुणाच्या हिशेबात? विक्री विभागातला तरुण अशा वेळी "मॅडम, आपण एक फॅमिली आहोत" म्हणतो. बाळा, फॅमिलीचाच अनुभव आहे म्हणून तर लिहून मागतेय.

आणि अंग शाबूत राहून डोकं गेलं तर? इथे आपल्या कायद्यात मोठी पोकळी आहे. लोक मला विश्वासानं सांगतात, "मुलीला कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, आता काळजी नाही." १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन बिघडलं की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज लागते, त्याच दिवशी तो रद्दी होतो. इंग्लंड-अमेरिकेत अशा वेळी पुढेही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे नाही. मग घरच्यांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कोमातल्या एका गृहस्थांच्या पत्नीला असं पालकपद दिलं. उच्च न्यायालयाची पायरी, ती पण पेन्शन काढण्यासाठी! तोवर करता येण्यासारखं थोडंच आहे. खाती 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीची करा, मृत्युपत्र शुद्धीवर असताना करा, शेवटच्या उपचारांची इच्छा लिहून ठेवा. त्या इच्छापत्राची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बरीच सोपी केली आहे, नोटरीपुढेही ते होतं. आणि टिकाऊ मुखत्यारपत्राचा कायदा करा, असं आपल्या खासदाराला पत्र लिहा. मास्तर असते तर फळ्यावर नमुना लिहून दिला असता.

मी कागदांवर एवढी का अडले आहे? कारण आपल्या दाराची किल्ली आपल्या हाती राहणार की नाही, हे कागदावर ठरतं. केरेन ब्राउन विल्सन नावाच्या बाईंनी १९८३ मध्ये ओरेगन राज्यात पोर्टलंडला, परावलंबी झालेल्या वृद्धांसाठी नव्या धर्तीची घरं काढली. तिथल्या प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं दार होतं आणि त्या दाराला आतून कुलूप. त्यांची आई पक्षाघातानंतर वर्षानुवर्षं शुश्रूषागृहांत राहिली होती, आणि तिला हवं होतं ते एवढंच. पडलेल्या माणसाला कुलपात ठेवणार, म्हणून टीका झाली. पण कुलूप राहिलं. आमच्या वसाहतीत साफसफाईला येणारी मुलगी टकटक करते आणि उत्तराची वाट न पाहता आत येते. वाईट हेतू नाही, तिला अजून बारा खोल्या आहेत. आम्ही निवासी समितीत हा विषय घेतला तेव्हा एक सभासद म्हणाले, "लपवण्यासारखं या वयात काय आहे?" त्यांच्या पत्नीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावर ठराव मंजूर झाला.

एक प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी भेटतो. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की खोलीची मांडणी, सिनेमाचा दिवस, सगळं तुम्ही ठरवा, आणि ही कुंडीतली झाडं, हवं तर एक निवडा, पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, सगळं आम्ही बघू. झाड दिलं, पाणी परिचारिका घालतील. पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक तरतरीत राहिली. दीड वर्षानं पाहिलं तर तिथे मृत्यूही कमी दिसले, पण त्या आकड्यांच्या गणितात पुढे लेखिकांनीच दुरुस्ती छापली आणि मृत्यूचा निष्कर्ष बराच ढिला पडला. हे मुद्दाम सांगते, कारण 'झाडाला पाणी घाला, जास्त जगाल' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो. जास्त जगण्याचं राहू द्या. सिनेमाचा दिवस कुणी ठरवायचा, एवढा प्रश्न मला पुरेसा आहे.

आता मास्तरांच्या विषयावर येते. जुनं घर सोडून आलेल्या किती जणांनी मतदारयादीतलं नाव हलवलं, असं मी आमच्याकडे विचारलं. हात फार थोडे वर आले. बँकेचा पत्ता बदलला, गॅस बदलला, आधार बदललं, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला न चुकता दिला, कारण पेन्शन थांबते. मत थांबलं तर काही थांबत नाही. अर्ज क्रमांक आठ भरला की पत्ता बदलतो. २०२४ च्या लोकसभेला पंचाऐंशीपुढच्यांच्या घरी मतपेटी आली होती, पण ती यादीतल्या पत्त्यावर, म्हणजे पुष्कळांच्या बंद असलेल्या तिसऱ्या मजल्यावर. मग आमच्या फाटकासमोरचा पदपथ उखडलेला का, बसथांबा अर्धा किलोमीटर पुढे का, याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. दोन-तीनशे माणसं राहतात आणि नगरसेवकाच्या लेखी तिथे कुणी राहत नाही.

हे सगळं ज्यांच्याकडे विकायला घर आहे त्यांच्यापुरतं झालं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी याच २००७ च्या कायद्यात १९ वं कलम आहे : राज्यानं टप्प्याटप्प्यानं, निदान जिल्ह्यामागे एक, १५० गरजू ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम काढावा. भाषा 'करू शकेल' अशा थाटाची, त्यामुळे सरकारला घाई नाही. पुण्यात नव्या पेठेतला 'निवारा' उभा राहिला तो ससून घराण्याच्या दानातून, इंग्रजांच्या काळात. त्यानंतर इतक्या वर्षांत या शहरात केवढे टॉवर झाले ते तुम्ही पाहताच. सदाशिव पेठेतल्या वाड्यात भाड्यानं राहिलेली एकटी बाई, जिच्या वाड्याचा विकास झाला आणि जिच्या हाती थोडे पैसे ठेवून कोऱ्या जागेवर सही घेतली गेली, ती आज माझ्या वसाहतीच्या दारातूनही आत येऊ शकत नाही. तिच्याबद्दल वेगळं व्याख्यान हवं, आणि ते देणारी मी नाही. तिला ओळखणाऱ्या कार्यकर्त्यांना बोलवा.

अध्यक्षांनी घड्याळ समोर सरकवलं आहे. आता प्रश्नोत्तरं आहेत. तुमच्यातल्या काही जणांनी आपापले करारनामे सोबत आणले आहेत असं कळलं. ते रांगेनं पाहू. तोवर सगळ्यात शेवटची अनुसूची उघडून ठेवा, जिथे महिन्याच्या शुल्काचा तक्ता असतो, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात दरवाढीबद्दल काय लिहिलंय ते वाचून ठेवा. चष्मा ज्यांनी आणलेला नाही, त्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं.